सायकलला जागा

आमच्या कार्यालयात पहिल्यांदा येणारा माणूस रेकॉर्ड रूमच्या दारात हमखास थबकतो. आतल्या भिंतीला पाच सायकली उभ्या असतात. उभ्या म्हणजे स्टँडवर नव्हे. घोडा मागच्या पायांवर उभा राहावा तशा. मागचं चाक खाली, पुढचं चाक छताकडे. कुणी विचारतो, "जप्तीच्या आहेत काय?" कुणाला वाटतं, लिलाव निघणार आहे. या आमच्याच सायकली आहेत, सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात, असं सांगितलं की माणूस हसतो आणि आपल्या कामाला लागतो.

श्रोतेहो, आज या पाच सायकलींविषयीच बोलायचं आहे. विषय लहान आहे. पण त्यात माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही.

मी यवतमाळात राहतो. वयानं पन्नाशी ओलांडली आहे. घरापासून कार्यालय साडेतीन किलोमीटर. आमचं गाव चढउताराचं. जाताना उतार लागला की येताना चढ ठरलेलाच. तरी मी सायकलनंच जातो. त्यात पर्यावरणाची सेवा वगैरे काही नाही. मोटारसायकल शिकायची राहून गेली, आणि कवितेची ओळ डोक्यात घोळवायला सायकलचा वेग बरा पडतो, एवढंच.

मी नोकरीला लागलो तेव्हा आवारात पत्र्याचं सायकल स्टँड होतं. सिमेंटमध्ये ओळीनं खाचा केलेल्या. पुढचं चाक खाचेत बसवलं की सायकल जागची हलत नसे. मग मोपेड आल्या, स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या. एका उन्हाळ्यात त्या खाचा फोडून जमीन सपाट केली गेली. 'सायकल स्टँड' अशी पाटी मात्र पुढे कितीतरी दिवस तशीच होती. पाटी सायकलची आणि सावली मोटारसायकलींना, असा प्रकार झाला.

माझी सायकल मागच्या भिंतीकडे सरकली. तिथे दुपारचं ऊन. यवतमाळचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला सहज जातो. अशा उन्हात पंक्चरचं ठिगळ सुटतं. व्हॉल्व्हची रबरी नळी वाळून जाते. सीट तडकते. पावसाळ्यात चेन गंजते. शिवाय गाडी काढताना कुणीतरी ती सरकवणार, ती पडणार, पायडल वाकणार. आधी घंटी गेली, मग दिवा गेला. सायकलची घंटी गेली म्हणून कुणी पोलिसांत जात नाही.

सायकल ॲटलसची आहे, जुन्या घडणीची, रॉडच्या ब्रेकची. वीस किलोच्या आसपास वजन. तीन जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ साली जाहीर केला. योगायोग असा की २०२० साली त्याच तीन जूनला ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ती बातमी वाचली आणि मनात आलं, आता हिला बाहेर टाकून चालणार नाही.

तेव्हा मला अब्बांचं दुकान आठवलं.

अब्बांचं दारव्ह्याला सायकलचं दुकान होतं. दुरुस्तीही करायचे आणि तासाच्या भाड्यानं सायकलीही द्यायचे. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी छोटी गाडी, आपली 'शकुंतला', तेव्हा धावत होती. आता ती बंद आहे. तेव्हा दारव्हा मोतीबाग स्टेशनवर उतरलेला माणूस आडवळणाच्या खेड्यात जायचा असेल तर आधी आमच्या दुकानात येई. तासाला पन्नास पैसे. प्रत्येक सायकलच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. पोरांसाठी दोन अद्ध्या सायकली. नोंदवहीत नाव, नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ.

अब्बांना मराठी बोलता उत्तम येई, लिहिता येत नसे. गिऱ्हाइकाला मात्र आपलं नाव आपल्या लिपीत लिहिलेलं पाहिजे असायचं. म्हणून शाळा सुटल्यावर नोंदवही माझ्याकडे. लोक मला मराठीचा कवी म्हणतात. माझं मराठीतलं पहिलं लेखन म्हणजे भाड्याच्या सायकलींची ती वही.

दुकान केवढं? दहा फूट बाय आठ फूट. सायकली चौदा. दिवसा त्या रस्त्यावर ओळीनं उभ्या असत, पण रात्री आत घ्याव्या लागत. एक सायकल स्टँडवर लावली की सहा फूट लांब आणि हँडलची दोन फूट रुंद, म्हणजे बारा चौरस फूट जागा खाते. ऐंशी चौरस फुटांत चौदा सायकली कशा मावणार? अब्बांनी त्या उभ्या केल्या. छताला सागाची मयाल होती. तिच्यात लोहाराकडून घडवून आणलेले आकडे ठोकले आणि पुढच्या चाकानं सायकली टांगल्या. एकीचा आकडा वर, शेजारचीचा फूटभर खाली, म्हणजे हँडलला हँडल अडकत नाही. चौदाच्या चौदा आत, आणि मधे अब्बांना नमाजची चटई अंथरण्याइतकी जागा शिल्लक.

"सायकल को लिटाना नहीं," ते म्हणायचे. "घोडा और सायकल, दोनों खडे खडे आराम करते हैं."

टांगण्यातही त्यांचा एक नियम होता. दाराजवळचा पहिला आकडा सर्वांत नव्या सायकलला नसे. सकाळी सर्वांत आधी निघणाऱ्या आणि सर्वांत लांब जाणाऱ्या सायकलला तो असे. दर सोमवारी पहाटे एक मास्तर सायकल घेऊन आठ मैलांवरच्या शाळेत जात. रविवारी रात्री त्यांची सायकल दाराशी. मास्तरांना अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या साहेबांकडे गेलो. रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. म्हटलं, "तिथे भिंतीला एक आकडा लावू द्या."

साहेब दचकले. आपल्याकडे आकडा म्हटलं की एक तर मटका, नाही तर तारेवर टाकून घेतलेली चोरीची वीज! मी खुलासा केला. ते म्हणाले, "अहो, हे ऑफिस आहे. भिंतीवर सायकल कशी दिसेल?"

मी म्हटलं, "साहेब, अकरा वर्षांपासून मोडक्या खुर्च्या आत आहेत. चालती सायकल बाहेर आहे. कसं दिसतं?"

ते हसले. "बरं, लावा. तुम्ही कवी माणूस. तुमचं चालून जाईल."

मला आनंद झाला. त्या वाक्यात काय आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आकडा लावणं सोपं आहे, पण काही गोष्टी पाळाव्या लागतात. कुणाला करायचं असेल तर सांगून ठेवतो. आकडा नुसत्या प्लॅस्टरमध्ये ठोकू नये. विटेत किंवा काँक्रीटमध्ये भोक पाडून बोल्टनं पक्का करावा. त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा, म्हणजे रिम खरवडत नाही. जुनी सायकल जड असते, तिला पूर्ण अधांतरी टांगू नये. मागचं चाक खाली लाकडी ठोकळ्यावर टेकवावं आणि पुढचं तेवढं आकड्यात अडकवावं. ठोकळा यासाठी की मागचं मडगार्ड आणि कॅरिअर जमिनीला घासू नये. हँडल वळून शेजाऱ्याला लागतं; ते ट्यूबच्या पट्टीनं बांधावं. चाकामागे भिंतीला एक फळी मारावी, नाही तर टायरचा काळा डाग उमटतो. तेल बेतानं द्यावं. सायकल उभी केली की जास्तीचं तेल खाली ठिबकतं. पावसाळ्यात खाली गोणपाट टाकावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सायकल कधीच टांगू नये. आग लागली, गडबड झाली, तर वाट मोकळी पाहिजे.

हल्लीच्या काही सायकलींना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. त्या फार वेळ उभ्या ठेवल्या तर नळीत हवा शिरून ब्रेक पोकळ लागू शकतो. निघण्यापूर्वी दोन-चार वेळा दाबून पाहावा. आमच्या रॉडच्या ब्रेकला ती भीती नाही.

तर माझी सायकल आत आली. सीटला चटका नाही, ट्यूब शाबूत, चेन कोरडी. मी मनातल्या मनात अब्बांना सलाम केला. लोक कौतुक करायचे. मीही सांगत सुटायचो.

आता माझी चूक सांगतो.

आमच्याकडे एक शिपाई आहेत. वयानं माझ्याच बरोबरीचे, पण सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. आर्णी रस्त्याकडच्या एका खेड्यातून ते सायकलनं येत. अकरा किलोमीटर येणं, अकरा किलोमीटर जाणं. कार्यालय उघडण्याचं काम त्यांचं, म्हणून सर्वांच्या आधी तेच हजर. रोज सकाळी ते रेकॉर्ड रूम झाडत. माझ्या आकड्याखालचा ठोकळा उचलून खाली झाडू फिरवत आणि पुन्हा जागेवर ठेवत. त्यांची सायकल मागच्या भिंतीशी, उन्हात, माझ्या जुन्या जागेवर. माझी जागा रिकामी झाली तशी त्यांनी ती तिथे लावली होती. हे मी रोज पाहत होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर ती सायकल चोरीला गेली.

मला कळलं ते आठ-दहा दिवसांनी. मामा उशिरा यायला लागले होते. साहेब रागावले, हजेरी पुस्तकात लाल रेघा पडल्या. मी विचारलं तेव्हा ते बोलले. गावातून सकाळची गाडी भरलेली येई, थांबेच असं नाही. कधी काळी-पिवळी मिळे, कधी निम्मी वाट पायी. जाण्यायेण्याचे पैसे रोज खिशातून. तीन लेट मार्क झाले की एक रजा कापली जाते, आणि रजा संपली की पगार. सायकल गेल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मामा, आत का नाही ठेवली? माझ्या शेजारी जागा होती की."

ते सहज म्हणाले, "तुमची गोष्ट येगळी हाये, भाई. तुमाले साहेबानं देल्ली परवानगी. मले कायले देतीन? शिपायाची सायकल आत आनली तं लोकं म्हनतीन, याले काई समजतेच नाई."

त्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

रात्री झोप येईना. माझ्या ध्यानात आलं की मी भिंत मोजली होती, सायकल मोजली होती, आकड्याची उंची मोजली होती. फक्त माझी. मी एकच आकडा मागितला होता. 'तुमचं चालून जाईल' या शब्दांनी मी खूश झालो, पण ज्याचं चालून जाणार नाही त्याचं काय, हे मी विचारलं नव्हतं. चौदा सायकली टांगणाऱ्या माणसाचा मी मुलगा. त्यांनी एकाही सायकलला रात्री रस्त्यावर ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात सायकलनं येणारी माणसं मोजली. आम्ही तेवीसजण. त्यांत सायकलवाले पाच. मी, मामा, एक तरुण टंकलेखक, रात्रीचे चौकीदार आणि झाडलोट करणाऱ्या बाई. बाईंची सायकल मुळात त्यांच्या मुलीची. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते; २०२२ साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. मुलीची बारावी झाली, तेव्हापासून तीच सायकल आई चालवते. त्या सायकलनं एका घरातल्या दोघींना उभं केलं आहे.

मग मी कागद घेऊन बसलो. पाच सायकली स्टँडवर लावल्या तर साठ चौरस फूट. त्याच भिंतीला उभ्या केल्या, दीड-दीड फुटावर आकडा, एक ठोकळा अर्ध्या फुटाचा आणि पुढचा दीड फुटाचा, म्हणजे हँडलं एकमेकांना टाळतात, तर आठ फूट भिंत पुरते. भिंतीपासून पुढे साडेतीन फूट. एकूण अठ्ठावीस चौरस फूट. मोडक्या खुर्च्यांनी तेवढीच जागा अडवली होती. अर्ज लिहिला, पाचही जणांच्या सह्या घेतल्या. मामा सही करायला तयार नव्हते. म्हणाले, "मायी सायकलच नाई तं सही कायची?" मी म्हटलं, "सायकल येईल. आधी जागा करू."

साहेब म्हणाले, "एकाला दिलं की हे असं होतं. उद्या सगळेच आणतील."

मी म्हटलं, "सगळे म्हणजे पाच, साहेब. मोजून आलोय."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "आणि खुर्च्या?" खुर्च्या भंगारात काढण्याचा प्रस्तावही मी सोबत जोडला होता. त्यांनी सही केली. या वेळी 'कवी माणूस' वगैरे काही म्हणाले नाहीत. कार्यालयीन टिपणीवर परवानगी आली: सायकलनं येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी. मला या साध्या सरकारी वाक्याचा कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त आनंद झाला.

हा प्रश्न आपल्या यवतमाळपुरता आहे असं समजू नका. न्यूयॉर्कसारख्या शहरात उंच इमारतींत कचेऱ्या असतात आणि सायकल आत न्यायला दारावरचा माणूस मना करतो. त्यावर तिथे २००९ साली कायदा झाला. कचेरीनं मागणी केली की इमारतीच्या मालकानं कर्मचाऱ्यांच्या सायकली आत नेण्याची सोय करायची, असं त्यात आहे. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहराच्या रेल्वे स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींची जागा आहे. ती २०१९ मध्ये पूर्ण झाली. टोकियोत जागा मिळेना म्हणून जमिनीखाली विहिरीसारखे गोल खड्डे केले आहेत. यंत्र सायकल खाली नेतं, आणि एका खड्ड्यात दोनशेच्या वर सायकली मावतात. त्या लोकांकडे पैसा आहे, यंत्रं आहेत, हे खरं. पण आकडा ही काही पैशाची गोष्ट नव्हे. पाच आकडे, पाच ठोकळे आणि एक फळी. खर्च आम्ही वर्गणीतून केला.

सायकल माणसाला कुठे नेते, हे आपल्या देशातही मोजून झालं आहे. बिहारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. शाळा होतीच, वाटही होती. मधलं अंतर सायकलनं मिटवलं. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते: सायकल दिली की काम निम्मं होतं. ती जिथे पोहोचते तिथे तिला जागा पाहिजे. नाही तर एक दिवस ती भिंतीशी नसते, आणि अकरा किलोमीटर पुन्हा अकरा किलोमीटर होतात.

मामांची ती सायकल सापडली नाही. कापलेला पगारही परत आला नाही. नियमात बसत नव्हतं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दीड महिन्यानं त्यांनी एक जुनी सायकल विकत घेतली. तिची चाकं मी स्वतः सरळ करून दिली. स्पोक आवळायचा पाना अब्बांचा, अजून माझ्याकडे आहे. बोटांना ते काम आठवत होतं.

सायकल घेऊन मामा पहिल्या दिवशी कार्यालयाच्या पायरीशी आले आणि थांबले. चाकांना वाटेतली माती लागली होती. त्यांनी खिशातलं फडकं काढून दोन्ही टायर पुसले. मग इकडे तिकडे पाहिलं. मी आतून म्हटलं, "या मामा." त्यांनी सायकल उचलून पायरी चढवली. आपल्याच कार्यालयाच्या दारातून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आकड्यांची वाटणी करताना माझा आकडा मी बदलून घेतला. मी साडेदहाच्या सुमाराला येतो आणि माझं अंतर साडेतीन किलोमीटर. माझी सायकल आता कोपऱ्यात, पाचव्या आकड्यावर असते. दाराजवळचा पहिला आकडा मामांचा. ते सर्वांत आधी येतात आणि सर्वांत लांब जातात.